पहिल्या नोकरीचा पोशाख

दरवर्षी उन्हाळ्यातील परीक्षा आटोपल्या की लातूर, परभणी, धुळे, चिपळूण अशा गावांतून नवे पदवीधर पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत मुलाखतींसाठी येऊ लागतात. संगणक, हिशेब, इंग्रजी संभाषण यांची तयारी त्यांनी यथाशक्ती केलेली असते. पोशाखाची तयारी मात्र बहुधा आदल्या संध्याकाळी, एखाद्या मित्राचा शर्ट मागून आणून होते. घरातून कचेरीत जाणारी ही पहिलीच पिढी असेल, तर विचारावयाचे तरी कोणाला? वडिलांचा पोशाख शेतातला किंवा दुकानातला. आणि चित्रपटातील नायकाचा कचेरीत चालत नाही, एवढे त्यांना ठाऊक असते.

हा विषय वर्तमानपत्राच्या या पानावर घेण्याजोगा नाही, असे कोणी म्हणेल. परंतु अर्थशास्त्राचा आद्य ग्रंथ मानला जातो त्या १७७६ सालच्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्येच ॲडम स्मिथने सदऱ्याची दखल घेतली आहे. लिननचा सदरा जगण्यासाठी आवश्यक नाही. तरीही आपल्या काळी अब्रूदार मजुराला त्यावाचून चारचौघांत येण्याची लाज वाटेल, म्हणून तो जीवनावश्यक वस्तूंतच मोडतो, असा त्याचा युक्तिवाद होता. पुढे १९७३ मध्ये मायकेल स्पेन्स यांनी नोकरीच्या बाजारपेठेतील ‘संकेतां’चा सिद्धांत मांडला. २००१ साली त्यांना अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, तो अशाच कामाबद्दल. उमेदवाराची कर्तबगारी मालकाला दिसत नाही. म्हणून जे दिसते त्यावरून तो अनुमान करतो. स्पेन्स यांनी उदाहरण घेतले होते शिक्षणाचे. पोशाखाचा संकेत त्याहून हलका आणि अधिक अन्यायकारक आहे. ज्याच्या घरात तो पूर्वापार आहे त्याला तो फुकट मिळतो. ज्याच्या घरात नाही त्याला तो चुका करीत, पैसे दवडीत शिकावा लागतो.

साधेपणाचा उपदेश येथे कामाचा नाही. गांधीजींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराई येथे पंचाचा स्वीकार केला आणि देशाने त्यात त्याग पाहिला. उलट, डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे जमलेल्या दलित स्त्रियांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सांगितले ते लुगडे नेसण्याची पद्धत बदला, अंगावरचे जड कथलाचे दागिने टाका, असे. त्या पेहरावावरून जात ओळखली जात असे. ज्याची प्रतिष्ठा आधीच मान्य झालेली आहे त्याच्याच अंगावर साधेपणा हा साधेपणा म्हणून वाचला जातो. कंपनीचा संस्थापक टी-शर्ट घालून सभेला येतो तेव्हा त्याचे कौतुक होते. त्याच सभेत चहा झाल्यावर कप गोळा करणाऱ्याने तसे येऊन पाहावे.

तेव्हा पोशाख सुधारावयाचा आहे, पण फॅशनची जाण नाही, अशा तरुणाने काय करावे? पहिली गोष्ट ही की, फॅशन शिकण्याच्या भानगडीत पडू नये. कचेरीच्या पोशाखाचा फॅशनशी संबंध फार थोडा आहे; त्याचा संबंध मापाशी आहे. शर्टाच्या खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यावी, बाही मनगटाच्या हाडापाशी संपावी, गळ्याचे बटण लावल्यावर कॉलरमध्ये दोन बोटे सहज जावीत, आणि पँट बुटावर एखादी हलकी घडी घेऊन थांबावी. यापैकी लांबी, कंबर व बाही ही थोडक्या पैशांत दुरुस्त करता येतात. खांदा सहसा येत नाही. म्हणून तयार शर्ट घेताना खांदा पाहावा, बाकीचे शिंपी पाहून घेईल. मापात बसलेला साधा शर्ट हा ढगळ बसलेल्या भारी शर्टापेक्षा केव्हाही अधिक शोभतो. ही गोष्ट दुकानदार सांगत नाही, कारण आल्टर करण्याच्या मजुरीत त्याचा फायदा नसतो.

रंगांच्या बाबतीत तर अज्ञान हे वरदानच ठरावे. पांढरा, फिका निळा, बारीक रेघांचा असे पाच शर्ट आणि राखाडी, गडद निळा, काळा अशा तीन पँटी घेतल्या, तर कोणताही शर्ट कोणत्याही पँटीवर चालतो आणि पंधरा जोड्या तयार होतात. भडक नक्षीचे पाच शर्ट घेतले तर एकेकाला एकच पँट जुळते. बूट व पट्टा एका रंगाचे असावेत. चकाकणारे कापड आणि छातीवर मोठ्या अक्षरांत निर्मात्याचे नाव असलेला कपडा टाळावा. दुसऱ्याची जाहिरात आपण पैसे देऊन का करावी?

खरेदीची घाई हा सर्वांत खर्चिक दोष होय. मुलाखतीपुरता एक जोड पुरे. नोकरी लागल्यावर पहिले दोन आठवडे आपल्याहून एक-दोन पायऱ्या वर असलेले लोक काय घालतात ते पाहावे आणि मगच पुढचे कपडे घ्यावेत. बँकेतला पोशाख संगणक कंपनीत अवघडल्यासारखा वाटतो, आणि तेथला बँकेत चालत नाही. किंमत पाहताना एका वापराचा खर्च पाहावा. समजा, सहाशे रुपयांचा शर्ट वीस वेळा वापरल्यावर कॉलरला विरला, तर प्रत्येक वापर तीस रुपयांना पडतो. चौदाशेचा शंभर वेळा टिकला तर चौदा रुपयांना. परंतु चौदाशे रुपये हातात असावे लागतात, ही अडचण खरी आहे. अशा वेळी कापड घेऊन शिवून घेण्याचा जुना मार्ग अजूनही बंद झालेला नाही. इचलकरंजीच्या मागांवर विणलेले चांगले शर्टिंग तालुक्याच्या दुकानातही मिळते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर वस्तू व सेवा कर ५ टक्के आणि त्याहून महागड्यावर १८ टक्के आहे; नवख्या नोकरदाराला त्या वरच्या पायरीकडे जाण्याचे काही कारण नाही.

कापड निवडताना हवेचा विचार करावा. शुद्ध सुती शर्ट घामाला उत्तम, पण लोकलच्या गर्दीतून बाहेर पडेपर्यंत चुरगळतो आणि मुंबईच्या जुलैत दोन दिवस वाळत नाही. तेथे टेरीकॉटला पर्याय कमी. नागपूरच्या मे महिन्यात ब्लेझरची अपेक्षा करणाऱ्या मुलाखतमंडळाने मात्र स्वतः एकदा तो घालून बसस्थानकापासून चालत यावे.

स्त्रियांच्या बाबतीत हा हिशेब अधिक कठीण होतो. पुरुषाने तोच निळा शर्ट आठवड्यातून दोनदा घातला तर कोणाच्या लक्षात येत नाही. स्त्रीचा तोच कुर्ता लक्षात येतो आणि बोलूनही दाखविला जातो. सुती साडी कचेरीत शोभते खरी, परंतु तिला दर धुण्याला खळ आणि इस्त्री लागते, आणि हे श्रम बहुधा तिचेच असतात. साध्या रंगाचे चार कुर्ते, दोन सलवारी आणि दोन्हींवर चालतील अशा ओढण्या, ही सुरुवात पुरुषांच्या पंधरा जोड्यांइतकीच काटकसरीची आहे. शिवून घेताना खिसे मागून घ्यावेत. राहिला प्रश्न शेजारच्या टेबलावरील नजरेचा. तो खरेदीने सुटणारा नाही, तेथे सहकाऱ्यांनीच जीभ आवरावयास हवी.

एवढे सारे उमेदवाराने करावयाचे. पण ज्यांनी त्याला पारखावयाचे त्यांचीही काही जबाबदारी आहे. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी पोशाखाचे परिपत्रक काढले, त्यात शुक्रवारी खादीचीही सूचना होती; मार्च २०२४ मध्ये शाळांतील शिक्षकांसाठी असेच निर्देश निघाले. दोन्हींची बरीच थट्टा झाली, आणि पहिल्यातील जीन्सचा नियम पुढे शिथिलही झाला. तथापि लिहिलेल्या नियमात एक गुण असतो, तो सर्वांना सारखाच कळतो. खासगी कंपन्यांच्या मुलाखतपत्रांत ‘फॉर्मल’ किंवा ‘स्मार्ट कॅज्युअल’ एवढा एकच शब्द असतो, आणि त्याचा अर्थ ज्याला आधीपासून माहीत आहे त्यालाच कळतो. त्याच पत्रात शर्ट, पँट, बूट, ब्लेझरची आवश्यकता नाही, अशा तीन ओळी घालण्यास काही खर्च नाही. महाविद्यालयांनीही मुलाखतींच्या हंगामात एखाद्या दुपारी गावातल्या शिंप्याला बोलवावे आणि मुलांना मापे समजावून द्यावीत. आणि पहिला पगार महिन्याने हाती येतो, कपडे मात्र पहिल्याच सकाळी लागतात; तेव्हा नव्या माणसाला राहण्याच्या सोयीसाठी उचल देणाऱ्या कंपन्यांनी त्या रकमेत दोन जोड कपड्यांचाही हिशेब धरावा.