लेकरू गप्प बसत नाही

नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. पाचवीतल्या एका पोट्ट्याने विचारलं, "टीचर, अल्लाहला झोप येत नाही, मग रात्री कंटाळा येतो का?" वर्ग हसला. मी म्हणाले, "तौबा कर आणि खाली बस." तो बसला, आणि वर्षभर त्याने मला पुन्हा काही विचारलं नाही.

हे आठवायचं कारण नाताळ. शेजारच्या मावशी ख्रिस्ती आहेत, दवाखान्यात नर्स होत्या, आता रिटायर झाल्या. त्यांच्याकडे दरवर्षी आमचा फराळ असतो, ईदला त्या आमच्याकडे शीरखुर्म्याला येतात. यंदा त्यांच्या नातीने शुभवर्तमानातला तो प्रसंग वाचला. लोक लेकरांना घेऊन येतात, शिष्य त्यांना हटकतात आणि येशू शिष्यांवरच रागावतात. देवाचं राज्य अशांचंच आहे, असं सांगतात. मावशी म्हणाल्या, "विश्वास असावा तर असा. शंका नाही, प्रश्न नाही."

मी चहा ठेवला खाली. वीस वर्षं लेकरांत काढली मी. बिनप्रश्नाचं लेकरू मला अजून भेटायचं आहे! लेकरू आईवर भरवसा ठेवतं हे खरंच. पण त्याच भरवशावर ते रडतं, रुसतं, शंभरदा "का" विचारतं. परक्यासमोर मात्र ते गप्प होतं. लेकरासारखा विश्वास ठेवा असं सांगणाऱ्यांना, मग ते पाद्री असोत की आमचे मौलाना, बहुतेक वेळा गप्प बसलेलं लेकरू हवं असतं.

यवतमाळला ही चर्चा परकी नाही. युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 पासून 1983 मध्ये पुण्याला जाईपर्यंत इथेच होती. पण मला आठवतात ते रेव्हरंड टिळक. त्यांची 'केवढे हे क्रौर्य' मी मुलांना शिकवते. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी ख्रिस्ताला माउली म्हणून अभंग लिहिले. आमच्या अकीद्यात हजरत ईसा पैगंबर आहेत, देव नाहीत, तिथे माझी वाट वेगळी. पण आईला हाक मारण्याची ती रीत ज्ञानोबा-तुकोबांच्या घरची आहे, ती मला कळते.

तरी 'स्मृतिचित्रे' वाचताना माझं लक्ष दर वेळी लक्ष्मीबाईंकडे जातं. टिळक लेकरासारखे धावत सुटले आणि मागे बायको मुलाला घेऊन काही वर्षं माहेरच्यांच्या आधाराने राहिली. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, संसाराची ओढाताण तिची. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. मोठा माणूस, पण अशा भरवशाची किंमत घरातलं दुसरं कोणीतरी मोजत असतं. लक्ष्मीबाई नवऱ्याने म्हटलं म्हणून ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळंओवळं, जातपात देवाने केली की माणसाने, हे त्यांनी स्वतःच्या डोक्याने उलगडलं, आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. भांडत, विचारत आल्या. माझ्या मते दोघांत लेकरासारखा विश्वास त्यांचाच.

आमच्याकडे तरी वेगळं काय आहे? हजरत इब्राहिम अल्लाहलाच विचारतात, तू मेलेल्यांना जिवंत कसं करतोस ते दाखव. ईमान नाही म्हणून नव्हे, दिलाला करार यावा म्हणून. त्यांना कोणी तौबा करायला लावली नाही. अल्लाहने दाखवलं. आणि तवक्कुल म्हणाल तर आधी उंट बांधायला सांगणारी हदीस प्रत्येक घरात माहीत आहे, फक्त अम्मीचं इन्सुलिन बंद करा, दुआ पुरे, म्हणणाऱ्या नातेवाइकांना ती ऐन वेळी आठवत नाही. तेव्हा आमच्या घरी येऊन डोस तपासून गेल्या त्या मावशीच. आधी प्रार्थना केली, मग मला रागावल्या. हे मी त्यांना नाताळला ऐकवलं. त्या हसल्या, पण पटलं असं म्हणाल्या नाहीत.

तो पोट्टा मागच्या महिन्यात बाजारात भेटला. बोटाला सहा-सात वर्षांची मुलगी. मी त्याला तो प्रश्न सांगितला. "मी विचारला होता? काहीच आठवत नाही, टीचर." मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "ही फार प्रश्न विचारते. तुम्ही जरा समजवा ना हिला."