गॅस किती आहे, हे ठरवतं कोण?

डोंबिवली स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभं असताना समुद्राखालच्या खडकाचा विचार कोण करतं? पण त्या खडकाचा तुमच्या खिशाशी संबंध आहे.

ठाणे, कल्याण-डोंबिवलीत सीएनजी पुरवते महानगर गॅस. 2024 च्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये सरकारने सीएनजीसाठी मिळणाऱ्या स्वस्त देशी गॅसचा कोटा दोनदा कापला. नोव्हेंबरात मुंबई-ठाण्यात सीएनजी किलोमागे 2 रुपयांनी महागला. हा स्वस्त गॅस मुख्यतः मुंबई हाय, वसईसारख्या 1970 च्या दशकात सापडलेल्या जुन्या क्षेत्रांतून येतो. तिथलं उत्पादन घटतंय, मागणी वाढतेय. म्हणून सगळ्यांची नजर नव्या साठ्यांवर असते. पण तिथे गॅस किती, हे आधी कळतं कसं?

गणित तसं सोपं आहे. खडकाचं क्षेत्रफळ, जाडी, त्यातली छिद्रं आणि छिद्रांत पाणी सोडून उरलेली जागा, यांचा गुणाकार. अडचण अशी की यातला एकही आकडा पक्का नसतो. मग कॉम्प्युटर प्रत्येक आकड्याच्या शक्य किमती बदलत हेच गणित हजारो वेळा सोडवतो. याला ‘मॉन्टे कार्लो’ पद्धत म्हणतात. एक्सेलमध्येही करून बघता येते. उत्तर एक येत नाही, तीन येतात. ‘पी-90’ म्हणजे निदान इतका गॅस असण्याची शक्यता 90 टक्के. ‘पी-50’ म्हणजे निम्मी शक्यता. ‘पी-10’ हा सगळ्यात मोठा आकडा, पण शक्यता फक्त 10 टक्के.

अंदाज चुकला तर काय होतं, ते बंगालच्या उपसागरातल्या केजी-डी6 मध्ये दिसलं. 2006 च्या आराखड्यात काढता येण्याजोगा गॅस होता सुमारे 10 ट्रिलियन घनफूट, आणि रोजचं उद्दिष्ट 8 कोटी घनमीटर. ते कधी गाठलंच नाही. 2010 नंतर उत्पादन घसरत गेलं आणि साठ्याचा अंदाज जवळपास एक तृतीयांशावर आला. रिलायन्सने भूगर्भाच्या गुंतागुंतीकडे बोट दाखवलं, सरकारने कमी खोदलेल्या विहिरींकडे. त्या गॅसवर विसंबलेले वीज प्रकल्प मात्र गॅसविना अडकले.

तेव्हा ‘गॅसचा प्रचंड साठा सापडला’ अशी बातमी मोबाइलवर आली, की फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी बघा. आकडा जमिनीखाली असलेल्या गॅसचा आहे की बाहेर काढता येणाऱ्या? तो पी-90 आहे की पी-10? आणि किती विहिरी खोदून तपासलाय? बातमीत उत्तरं नसतील, तर सीएनजी स्वस्त होईल हे गृहीत धरू नका.