भीमेच्या काठचा अशोक आणि आपल्या सहली
- एक वकील कार्यकर्ता, मोडनिंब

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी लागली की मोडनिंबच्या रस्त्यावर सहलीच्या गाड्या दिसू लागतात. आता त्यात आपल्या समाजातला शिक्षक, रेल्वेतला कर्मचारी, बँकेतला कारकूनही बायकापोरांसह असतो. काहीजण बोधगया, लुंबिनी करून श्रीलंका, थायलंडपर्यंत जातात. काही महाभागांना यात चैन दिसते. त्यांनी 1934 साल आठवावे.

त्या वर्षी चळवळीतले सहकारी बाबासाहेबांना म्हणाले, एकदा सहलीला जाऊ. बाबासाहेबांनी होकार दिला. वेरूळची बौद्ध लेणी काहीही झाले तरी पाहायचीच, असे ठरले. सुमारे तीस जणांची ही मंडळी नाशिकहून औरंगाबादकडे निघाली. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या लोकांनी तिथल्या हौदाच्या पाण्याने हातपाय, तोंड धुतले आणि 'धेडांनी हौद बाटवला' अशी हाकाटी उठली. जमाव जमला, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहू दिला तो पाण्याला कुठेही शिवायचे नाही या अटीवर, आणि सोबत हत्यारबंद शिपाई देऊन! ओरडणारे मुसलमान होते. हिंदूच्या लेखी जो अस्पृश्य, तो मुसलमानाच्या लेखीही अस्पृश्यच, हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे ते आत्मकथन. 1990 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते प्रसिद्ध केले.

म्हणजे आमच्या पहिल्या ऐतिहासिक सहलींपैकी एक सहल शिपायाच्या पहाऱ्यात झाली. पुढे त्याच बाबासाहेबांनी घटनेच्या कलम 15(2) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट आणि सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या करून टाकल्या. आज दौलताबादला तिकीट काढले की कोणी जात विचारत नाही.

पहारा मात्र उठलेला नाही, त्याने फक्त रूप बदलले. आता तो गाईडच्या जिभेवर बसला आहे. नाशिकला जा. ज्या डोंगराला तिथल्या शिलालेखांतच त्रिरश्मी म्हटले आहे, जिथे भिक्खूंसाठी दिलेल्या दानांची नोंद दगडावर आहे, ती लेणी सरकारदरबारीही 'पांडवलेणी'! पांडव तिथे कधी आले, हे कोणी विचारत नाही. जुन्नरला लेण्याद्रीच्या बौद्ध विहारात गणपती बसवला आणि अष्टविनायकाच्या यात्रेत ते लेणे हरवून गेले. पुरातत्त्व खाते तिथे तिकीट घेते, पण चढणाऱ्या शंभर माणसांतल्या किती जणांना आपण विहारात शिरतोय हे ठाऊक असते? 1958 च्या प्राचीन स्मारके कायद्याचे कलम 16 सांगते की केंद्राच्या देखभालीतल्या संरक्षित प्रार्थनास्थळाचा वापर त्याच्या स्वरूपाशी विसंगत कामासाठी करता येणार नाही. कायदा आहे, अंमलाच्या नावाने मात्र आनंदीआनंद.

लांब कशाला जायचे? आपल्या जिल्ह्यातल्या माणसाची भीमा म्हणजे उजनी आणि पंढरपूर. फार तर पुढचे गाणगापूर. दर पौर्णिमेला तिकडे गाड्या भरभरून जातात. तीच भीमा आणखी खाली वाहत जाते आणि कलबुर्गी जिल्ह्यात सन्नतीला पोहोचते. 1986 साली तिथल्या चंद्रलांबा मंदिराच्या आवारातील काली मंदिराचे छत कोसळले. साफसफाई करताना मूर्तीच्या खाली बैठक म्हणून वापरलेली शिळा सापडली. ती निघाली सम्राट अशोकाच्या आदेशांची! मूर्ती बसवण्यासाठी त्या शिळेला भोक पाडले होते. त्यावर जे आदेश आहेत त्यात बारावाही आहे. सर्व पंथांनी एकमेकांचा आदर करावा, असे सांगणारा. तोच आदेश दुसऱ्या पंथाच्या मूर्तीखाली गाडला जावा, याला काय म्हणावे? आणि कोणी कोणाचे देव बाटवले, हे आम्हालाच विचारले जाते!

सन्नतीला लागूनच कनगनहळ्ळी. तिथे 1990 च्या दशकात पुरातत्त्व खात्याने मोठा स्तूप उकरून काढला. त्यातल्या एका शिल्पपटावर राजा, राणी आणि सेवक आहेत आणि खाली ब्राह्मी लिपीत नाव आहे, 'राया असोको', म्हणजे राजा अशोक. नावानिशी कोरलेला अशोक! हे शिलापट्ट उत्खननानंतर कित्येक वर्षे उन्हापावसात पडून होते. एखाद्या पुराणकथेतल्या राजाचे शिल्प असे सापडले असते तर एव्हाना तिथे भक्तनिवास आणि चौपदरी रस्ता झाला असता. आणि आमचे काय? बँकॉकच्या सोनेरी मूर्तीसमोर फोटो काढणारे आमचे किती लोक या आपल्याच नदीच्या काठी गेले आहेत?

बोधगयेला जाणाऱ्यांनीही डोळे उघडे ठेवून जावे. 1949 च्या बोधगया मंदिर कायद्याने महाबोधी विहाराच्या समितीवर चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी अशी रचना केली. 2013 च्या दुरुस्तीपर्यंत तर जिल्हाधिकारी हिंदू नसेल तर अध्यक्षपदी दुसरा हिंदू नेमावा, अशी तरतूद होती. हा कायदा रद्द करा म्हणून फेब्रुवारी 2025 पासून भिक्खूंनी तिथे आंदोलन सुरू केले. जपान, श्रीलंकेचे उपासक जिथे माथा टेकतात, त्या जागेचा कारभार बौद्धांच्या हाती नाही, हे सहलीला आलेल्या पोराला बापाने तिथेच सांगितले पाहिजे. टूर कंपनीचा माणूस ते सांगणार नाही. लंडनला नोकरीसाठी गेलेल्या आपल्या मुलांनी 10, किंग हेन्रीज रोडवरचे घर जरूर पाहावे. बाबासाहेब 1921-22 मध्ये तिथे राहिले; 2015 साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले.

पण आधी जवळचे पाहा. बार्शीमार्गे तेरला एका दिवसात जाऊन येता येते. प्राचीन तगर ते हेच. तिथले विटांचे त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह होते, असे हेन्री कझिन्ससारख्या इंग्रज पुरातत्त्वज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच मांडले. त्याची मागची गोल बाजू मुलांना दाखवा आणि मग कार्ल्याच्या चैत्याचा फोटो शेजारी धरा. गावातले लामतुरे संग्रहालयही चुकवू नका. सन्नतीसाठी सोलापूरहून वाडीकडे जाणारी रेल्वे आहे. चाळीस माणसे जमली तर एस.टी.ची गाडी प्रासंगिक करारावर मागता येते. त्यासाठी येत्या वर्षावासात प्रत्येक विहाराने नावे घ्यायला सुरुवात करावी. आणि जाताना ब्राह्मी वाचता येणारा एक तरी तरुण सोबत न्यावा.