किनाऱ्याच्या हिरवाईचा ताळेबंद

उदगीरच्या माळावर राहणाऱ्या माणसाने कोकण किनाऱ्यावरील झाडाझुडपांच्या मोजणीविषयी लिहावे, हे काही वाचकांना आगंतुकपणाचे वाटण्याचा संभव आहे. समुद्र येथून चारशे किलोमीटरांहून अधिक दूर, आणि आमच्या लातूर जिल्ह्यातील वनाच्छादन एकूण क्षेत्राच्या एक टक्क्याहूनही कमी. ज्याच्या घरी झाड नाही त्याने दुसऱ्याच्या रानाची उठाठेव का करावी, असे कोणी विचारल्यास ते अगदीच वावगे म्हणता येणार नाही. परंतु किनाऱ्याच्या नकाशात आज जी चूक होत आहे, तीच आमच्या माळरानाच्या नकाशात होत आली आहे. आणि तिची किंमत दोन्हीकडे सामान्य शेतकऱ्यालाच मोजावी लागते.

नकाशा ही निर्विकार वस्तू नाही. तो काढणाऱ्याने जो प्रश्न विचारलेला असतो, त्याचेच उत्तर तो देतो. इंग्रजी अमदानीतील महसुली मोजणीचा प्रश्न होता शेतसाऱ्याचा. म्हणून जमीन जिरायत, बागायत, वरकस आणि पोटखराब अशा प्रकारांत विभागली गेली, आणि ज्या जमिनीतून सरकारला काही मिळत नव्हते ती 'खराब' ठरली. आजचा उपग्रह विचारतो तो प्रश्न झाडांच्या छत्राचा. १९८१ साली स्थापन झालेली भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था दर दोन वर्षांनी वनस्थितीचा अहवाल देते. किमान एक हेक्टर क्षेत्र आणि किमान १० टक्के छत्र असले, की जमीन कोणाच्याही मालकीची असो आणि झाड कोणत्याही जातीचे असो, ते क्षेत्र वनाच्छादनात धरले जाते. या व्याख्येत हापूसची कलमे बसतात, काजूची लागवड बसते, आणि मूळचे या किनाऱ्याचे नसलेले सुरूचे बनही बसते. उपग्रहाला हिरवे दिसते, म्हणून अहवालातही ते हिरवे. मात्र या भूमीत स्वभावतः काय उगवते आणि त्यातले किती शिल्लक आहे, हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसल्याने त्याचे उत्तरही कोठे नाही.

याचा सर्वांत मोठा तोटा कोकणातील कातळसड्यांना होतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील जांभ्याचे हे सपाट सडे उन्हाळ्यात उघडेबोडके दिसतात. परंतु पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्यांवर कीटकभक्षी सीतेच्या आसवांपासून दिपकाडीपर्यंत अशा वनस्पती फुलतात, की ज्यांतील काही जगात अन्यत्र आढळत नाहीत. येथे झाडांचे छत्र नाही, म्हणून हे वन नव्हे. पीक नाही, म्हणून ही शेतीही नव्हे. मग दप्तरात उरतो तो 'पडीक' हा एकच शब्द. पडीक जमीन स्वस्त असते. प्रकल्प, खाण किंवा वसाहत यांसाठी जागा शोधणाऱ्याचे बोट प्रथम तिच्यावरच पडते. ज्या सड्यांवरील प्राचीन कातळशिल्पांना २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत स्थान मिळाले, त्याच सड्यांवरील सजीव वनस्पतींचा पद्धतशीर नकाशा मात्र शासनाच्या दप्तरात असू नये, ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

नकाशा काढला म्हणजे काय साधते, याचे उदाहरणही याच किनाऱ्यावर आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, शहर बुडाले, आणि खाड्यांवर घातलेल्या भरावाची चर्चा सुरू झाली. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीस मनाई करून त्यांचे नकाशे तयार करण्याचा आदेश दिला. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राने उपग्रहचित्रांवरून हे काम केले. २०१२ साली स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. राज्यातील कांदळवनांचे क्षेत्र २०१३ च्या अहवालात १८६ चौरस किलोमीटर होते. २०२३ च्या अहवालात ते ३१५ आहे. जे नकाशावर आले त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले, एवढे यातून निःसंशय सिद्ध होते.

परंतु आकड्यांकडे अर्थशास्त्राच्या शिक्षकाने थोड्या संशयानेच पाहावे. २०१५ ते २०१७ या दोन वर्षांतच हे क्षेत्र २२२ वरून ३०४ चौरस किलोमीटरांवर गेले. यातील किती वाढ झाडांची आणि किती मोजणाऱ्याच्या नजरेची, हे केवळ उपग्रहचित्रावरून कळणार नाही. शिवाय प्रत्येक वाढ ही सुवार्ताच असते असे नाही. रायगड जिल्ह्यात अलिबाग-पेण भागात पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून समुद्रापासून राखलेली खारभूमीची भातशेती आहे. अनेक ठिकाणी बांध फुटले, वेळेवर दुरुस्ती झाली नाही, खारे पाणी शेतात शिरले, आणि काही वर्षांत तेथे तिवरे उभी राहिली. नकाशावर ही वाढ दिसते. शेतकऱ्याच्या घरात तीच भाताची तूट असते. २०१८ च्या न्यायनिर्णयानुसार जमीन खासगी असली तरी कांदळवन तोडता येत नाही. निसर्गाच्या दृष्टीने हे योग्यच आहे; परंतु बांध राखण्याच्या कामी झालेल्या हयगयीचा भुर्दंड एकट्या भूधारकाने का सोसावा, याचे उत्तर कोणताही रंगीत नकाशा देत नाही.

म्हणूनच कोकणातील शेतकरी नकाशाला भितो. २०११ चा गाडगीळ समितीचा आणि २०१३ चा कस्तुरीरंगन समितीचा अहवाल आल्यावर गावोगावी जो विरोध झाला, त्याला केवळ खाणमालकांची फूस म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. आपल्या सर्व्हे नंबरवर एकदा रंग चढला की आपले हात बांधले जातील, ही भीती खरी आहे. रत्नागिरी जिल्ह्यात तर सरकारी वनजमीन अगदी थोडी. बहुतेक रान खासगी मालकीचे. ज्याने आपल्या जमिनीवर मूळचे रान राखले त्याच्यावर बंधन, आणि ज्याने ते तोडून कलमे लावली तो मोकळा, असा न्याय झाला तर मोजणीदार येण्यापूर्वीच कुऱ्हाड चालेल. नकाशाबरोबर मोबदल्याची तरतूद नसेल, तर नकाशाच विनाशाचे निमित्त ठरू शकतो.

तेव्हा करावयाचे काय? पहिली गोष्ट, मूळचे रान, लागवड, देवराई, कांदळवन, वाळूवरील मर्यादवेल-केवड्याची झाडी आणि कातळसडा हे प्रकार नकाशात स्वतंत्र दाखवावेत. दुसरी, उपग्रहचित्राची पडताळणी प्रत्यक्ष जमिनीवर, आणि सड्यांच्या बाबतीत पावसाळ्यात व्हावी. जिल्ह्याजिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांकडे हे काम सोपवावे. विद्यार्थ्यांना त्यातून जे शिक्षण मिळेल ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. तिसरी, नकाशा अंतिम करण्यापूर्वी मराठीतून, स्थानिक नावांसह, ग्रामसभेपुढे ठेवावा. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने लोक-जैवविविधता नोंदवहीची तरतूद केलीच आहे. मुदत गाठण्यासाठी भरलेल्या वह्यांऐवजी ती खऱ्या अर्थाने लिहिली जावी. आणि चौथी, मूळचे रान राखणाऱ्या भूधारकाला दरवर्षी काही रक्कम मिळावी. समाज ज्या वस्तूचा लाभ घेतो तिचे मूल्य समाजाने द्यावे, हा अर्थशास्त्रातील साधा नियम आहे.

आता आमच्या घरचा प्रश्न. १९०१ ते १९०८ या काळात कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा उदगीर निजामाच्या राज्यात असल्याने त्याबाहेर राहिले. ती उणीव प्रा. वि. ना. नाईक यांच्या १९७९ मधील उस्मानाबादच्या आणि १९९८ मधील मराठवाड्याच्या वनस्पतिग्रंथांनी भरून काढली. परंतु ग्रंथ काय उगवते ते सांगतो. कोठे आणि किती उरले ते नकाशाच सांगू शकतो. पवन्या, मारवेल, कुसळी यांनी भरलेले आमचे माळही दप्तरात पडीकच आहेत, आणि झाडे लावण्याच्या उत्साहात त्यांवर खड्डे खणून परकी रोपे लावली जातात. याच गवतावर आमची देवणी जनावरे पोसली गेली. देवणीचे कौतुक प्रदर्शनात करायचे आणि तिची चराई खराब्यात मांडायची, हा हिशेब कोणत्याही व्यापाऱ्याच्या वहीत चालला नसता. किनाऱ्याचा नकाशा शासनाने नीट काढून दाखवला, तर त्याच पद्धतीने आमच्या माळांचा नकाशा मागण्याचा अधिकार आम्हांला मिळेल. कोकणच्या कामात उदगीरकराला रस आहे तो एवढ्याचसाठी.