बोअर किती फुटांवर थांबवायचा, ते गाडी येण्याआधी ठरवा

धंद्याच्या बजेटवर आपण नेहमीच बोलतो. आज घरच्या बोअरच्या बजेटवर बोलू. कारण तुमच्यापैकी बहुतेकांचं घर आणि दुकान एकाच खिशातून चालतं, आणि तो खिसा रिकामा करायला एक रात्र पुरते. माझा झाला होता.

आपल्या अकोल्याला पाणी येतं महानच्या काटेपूर्णा धरणातून. उन्हाळा कडक गेला की नळाचे दिवस लांबतात आणि जठारपेठेत एका मागे एक बोअरच्या गाड्या दिसायला लागतात. शेजाऱ्यानं मारला म्हणून आपणही मारतो. भाव विचारतो तो एकच, "फुटाला काय घेता?" माझ्या मते हा सगळ्यात कमी कामाचा प्रश्न आहे.

आकडे समजा असे धरू. भाव तुमच्याकडे वेगळे असतील, मी फक्त गणित सोपं करतोय. खोदाई १०० रुपये फूट, २५० फूट गेलात तर २५,०००. वरच्या काळ्या मातीला, मुरमाला केसिंग ४० फूट, ४०० रुपयांनी १६,०००. मोटार, पाइप, केबल, पॅनल, उतरवायची मजुरी मिळून ४०,०००. झाले ८१,०००. म्हणजे ज्या भावावर तुम्ही अर्धा तास घासाघीस केली, तो खर्चाचा तिसरा हिस्सासुद्धा नाही!

आता दुसरा हिशोब पहा, जो कोणी करत नाही. पाणी लागलंच नाही तर? मोटार घेतली नसेल, तर खोदाई आणि केसिंगचे ४१,००० गेले. हे ४१,००० बुडाले तरी माझं दुकान चालेल का? उत्तर "नाही" असेल, तर गाडी बोलावू नका, टँकर परवडला. आणि मोटार आधी घेऊन ठेवू नका, ऑफर असली तरी. पाणी किती फुटांवर लागलं आणि किती आलं, त्यावर मोटार ठरते.

माझं काय झालं सांगतो. स्टेशनरीचं दुकान, मे महिना. वह्यांच्या मालासाठी पैसे बाजूला काढले होते. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून वाटलं, तेवढ्यात फिरवून आणू. तोंडी ठरलं २५० फूट. २५० ला नुसता कोरडा भुकटा. रात्रीचे अकरा, गल्ली सगळी बाहेर, आवाजात काही ऐकू येईना. गाडीवरचा म्हणाला, "पाहू न भाऊ अजून पन्नास फूट, ओल दिसून राह्यली." मी मान हलवली. मग अजून पन्नास. खरं सांगू? पाण्यापेक्षा लाज जास्त होती, एवढ्या लोकांसमोर बंद करा कसं म्हणायचं! ४३० ला थांबलो. ३०० नंतर भाव वाढतो, हे बिल हातात आल्यावर कळलं. त्या वर्षी वह्या उधारीवर आणल्या, अन् सीझन गेला उधारी फेडण्यात.

त्याला दोष देत नाही. त्याचा धंदा फुटावर आहे. थांबायचा आकडा माझ्याकडे असायला हवा होता, कागदावर, आणि घरच्या दुसऱ्या माणसाच्याही हातात. भाव वाढतो तो पुढच्या फुटांनाच की सगळ्याला, हेही त्याच कागदावर. आणि रॉडची लांबी विचारून रॉड स्वतः मोजा.

खोल गेलं की पाणी वाढतं, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. आपला बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा. त्यात पाणी असतं वरच्या झिजलेल्या थरात, भेगांत आणि दोन थरांच्या मधल्या सांध्यात. खाली जावं तशा भेगा सहसा मिटत जातात. म्हणून पाणाड्याच्या नारळाआधी आजूबाजूच्या चार घरी जा. किती फूट, कोणत्या महिन्यात आटतो, पाणी गोड की खारं, विचारा. चहासकट फुकट सर्व्हे. दिवाळीत मारलेल्या बोअरच्या दोन इंच पाण्यावर भाळू नका. मे महिन्यात लागतं ते खरं.

खाऱ्याचं तर विचारूच नका. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाण्याचा खारपाणपट्टा आहे. तिथं पाणी लागूनही बजेट बुडतं. पिण्याच्या पाण्याचा टीडीएस ५०० पर्यंत चांगला, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, असं भारतीय मानक सांगतं. गाडी उभी असतानाच बाटली भरा, तपासा, मग मोटारीचं बघा. नाहीतर गीझर, नळ, फिल्टर दरवर्षी बदलत बसाल.

एक खर्च मलाही माहीत नव्हता. कोरडा बोअर उघडा ठेवता येत नाही. लहान मुलं पडून गेली, त्यानंतर २०१० मध्ये सुप्रीम कोर्टानं सूचना दिल्या, की सोडून दिलेला बोअर तळापासून वरपर्यंत बुजवायचा. आमचा बुजवायला एक ट्रॉली मुरूम लागला. तो आणला, टाकणाऱ्यांची मजुरी दिली, आणि ते पैसेही वह्यांच्याच पाकिटातून गेले.