ख्रिस्ती निष्ठेची कसोटी

ख्रिस्ती धर्म स्वीकारणारा मनुष्य स्वदेशाला व स्वजनांना अंतरतो, ही समजूत आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षितांच्याही मनात अद्याप घर करून बसली आहे. उलटपक्षी, बाप्तिस्मा झाला, रविवारची उपासना चुकविली नाही व वर्गणी वेळेवर भरली, की ख्रिस्तावरील निष्ठा सिद्ध झाली, असे कित्येक ख्रिस्ती बांधवांसही वाटते. वरवर पाहता ह्या दोन समजुती परस्परविरुद्ध दिसतात. परंतु त्यांच्या मुळाशी चूक एकच आहे. दोन्ही पक्ष धर्म नावात व विधीत शोधतात. आचरणात शोधण्याची तसदी कोणीच घेत नाही. आमच्या मते निष्ठेचा पुरावा चर्चच्या नोंदवहीत नव्हे, तर चुलीपाशी, दुकानाच्या गादीवर आणि सत्तेसमोर मिळाला पाहिजे.

प्रथम चुलीचीच गोष्ट घेऊ. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर आकाश कोसळले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे राहावयास गेल्या, त्या आपले सोवळे बरोबर घेऊनच. पुढे जातिभेद ईश्वराने केलेला नसून मनुष्याने केलेला आहे, असा त्यांच्या मनाचा निश्चय झाला आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्यांनी आरंभ केला. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, १९०० साली. ही हकीकत त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ ह्या आत्मवृत्तात स्वतःच सांगितली आहे. दुसऱ्याच्या हातचे पाणी आधी आणि बाप्तिस्म्याचे पाणी मागाहून, हा क्रम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. खुद्द टिळकांनीही धर्मांतराबरोबर मराठी वाणी टाकली नाही. अभंग व कीर्तन ह्याच मार्गाने त्यांनी ख्रिस्तभक्ती केली. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही जागा होती.

आता सत्तेपुढील निष्ठा पाहा. राज्यकर्त्यांचा धर्म तोच आपला धर्म, तेव्हा त्यांची री ओढणे हेच ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य, असा समज ब्रिटिश अमदानीत सार्वत्रिक होता. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. परंतु तेथेही त्यांनी शाकाहार सोडला नाही, आणि धर्माधिकारी सांगतात एवढ्याच कारणाने कोणताही सिद्धान्त मान्य केला नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगचा कहर चालू असता रुग्णालयात व छावणीत स्त्रियांची जी विटंबना होत होती, तिच्याविरुद्ध ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात लिहिणाऱ्या ह्याच रमाबाई होत. सरकारने त्यांचे म्हणणे फेटाळले, पण त्या कोणाच्या बाजूने उभ्या होत्या हे जगास दिसले. मध्यप्रांतातील दुष्काळातून शेकडो मुलीबाळींना आणून केडगावच्या ‘मुक्ती’त त्यांनी केवळ प्रार्थना शिकविल्या नाहीत, शेती, विणकाम व छापखान्याचे काम शिकवून त्यांना स्वतःच्या पायांवर उभे केले. तसेच माझगावचे बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा. लोकमान्यांच्या होमरूल लीगचे १९१६ सालचे पहिले अध्यक्ष हेच ख्रिस्ती गृहस्थ होते, आणि १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेतही ते अग्रभागी होते. ख्रिस्तनिष्ठा व देशनिष्ठा एका देहात नांदू शकत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी ह्या चरित्रांचा विचार करावा.

कोणी म्हणेल, ही सर्व असामान्य माणसे; सामान्य संसारी गृहस्थाने काय करावे? त्याचे उत्तर शुभवर्तमानातच आहे. जक्कय हा कर वसूल करणारा धनिक येशूला भेटला, तेव्हा त्याने घरदार सोडून अरण्याचा रस्ता धरला नाही. अर्धी मिळकत गरिबांस देण्याचे व ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट परत करण्याचे त्याने कबूल केले. म्हणजे त्याचा पश्चात्ताप रुपये-आण्यांत मोजता येण्याजोगा होता. ज्या व्यापाऱ्याच्या मापात खोट नाही, जो कुळाच्या अडाणीपणाचा फायदा घेत नाही, जो न्यायालयात शपथ घेऊन खरेच बोलतो, त्याने वेगळे प्रवचन करण्याची गरज नाही. हा न्याय हिंदू, मुसलमान, पारशी सर्वांस सारखाच लागू आहे.

ह्या कसोटीवर आमच्या ख्रिस्ती बांधवांनी स्वतःस घासून पाहावे. गोव्यात बामण व चार्डो हे भेद बाप्तिस्म्यानंतरही सोयरिकीत टिकून राहिले. बाप्तिस्म्याने जर जात धुतली जात नसेल, तर धर्म बदलला की केवळ नाव बदलले, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार दलित ख्रिस्ती माणसास नाही काय?

परंतु दुसऱ्याच्या घरातील केर दाखवून आपला झाकण्याची आमची इच्छा नाही. धर्मांतरामुळे वारसाहक्क बुडू नये असा कायदा १८५० सालीच झाला. त्याने जमिनीचा वाटा मिळाला, पण शेजाऱ्याच्या ओसरीवरील जागा कोणता कायदा देणार? १९५० पासून अमलात असलेल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य प्रत्येकास दिले आहे. तरीही ख्रिस्ती भाडेकरू नको म्हणणारा घरमालक व त्याच्या देशभक्तीचा दाखला मागणारा शेजारी आपल्यात आहेतच. आम्ही त्यांना विचारतो: तुमच्या मुलाला शिकविणारा शिक्षक, तुमच्या आईची शुश्रूषा करणारी परिचारिका ख्रिस्ती आहे म्हणून तिचे काम कधी खोटे ठरले काय? आजारी माणसाच्या उशाशी रात्र जागविणाऱ्या त्या बाईने देशसेवेचा निराळा दाखला कोठून आणावा?

सारांश, ख्रिस्ती माणसाने आपली श्रद्धा व्यवहारात दाखवावी आणि इतरांनी त्याची पारख व्यवहारावरूनच करावी. एवढे दोन्हीकडून घडले, तर धर्माचे नाव निराळे असल्याने राष्ट्राचे काहीएक बिघडणार नाही. न घडले, तर नाव एक असूनही ते तगणार नाही.