चाकांवरचे घर

अमेरिकेत निवृत्तीनंतर राहते घर विकून मोटरहोममध्ये संसार हलविणारी अनेक जोडपी आढळतात. हिवाळा ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात, उन्हाळा उत्तरेकडे, असा त्यांचा क्रम. बासष्टी गाठलेल्या नागरिकाला ८० डॉलरमध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आजीव पास मिळतो, हे आणखी एक आकर्षण.

हिशेबाची बाजू मात्र निराळी आहे. घराची किंमत बहुधा वाढते; वाहनाची घसाऱ्याने घटतच जाते. पाण्याची टाकी भरणे, सांडपाण्याची व शौचालयाची टाकी रिकामी करणे ही कामे स्वहस्ते करावी लागतात. रुसून बसायला दुसरी खोली नसते, हेही जमेस धरावे!

खरा प्रश्न सुकाणूचा. पुष्कळदा गाडी पतीच चालवितो आणि पत्नी कधी त्या आसनावर बसलेलीच नसते. त्याची दृष्टी अधू झाली वा हृदयाने दगा दिला, की घर असेल तेथेच थांबते. टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथे एस्केपीज या मोटरहोमवासीयांच्या संघटनेच्या आवारात अशांसाठी ‘केअर’ नावाचे केंद्र आहे. तेथे वृद्ध आपापल्या गाडीतच राहतात. भोजन व मदत केंद्राकडून मिळते. परंतु अशी सोय वाटेवर सर्वत्र नाही.

म्हणून निघण्यापूर्वी दोघांनीही ते अवजड वाहन चालविण्यास, विशेषतः मागे घेण्यास, शिकावे. आणि पहिले वर्षभर घर भाड्याने द्यावे, विकू नये.